तोंडाचे दुखणे आणि घराण्याचा वारसा
(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला बोलायला बोलावले तेव्हा मी शैक्षणिक कर्जावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? पण मी विषय बदलून मागितला. आजचा विषय आहे तोंडाची जुनाट दुखणी आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे, बँकेत कारकून आहे. मग हा माणूस या विषयाच्या वाटेला का गेला, हे आधी सांगणे माझे कर्तव्य आहे.

माझ्या आईला सहा वर्षांपूर्वी जिभेची आग सुरू झाली. सकाळी उठली की बरी असायची. दुपार झाली की म्हणायची, "जीभ जळून राह्यली रे बाबू." संध्याकाळी तर बोलणेही नको वाटे. गंमत अशी की जेवताना आग कमी व्हायची. मग घरातले, शेजारचे म्हणू लागले, जेवताना दुखत नाही, मग दुखते तरी कुठे? दोन-तीन डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड पाहिले. फोड नाही, जखम नाही, लाली नाही. "काही नाही" असे सांगून परत पाठवले. मीही एकदा कंटाळून बोललो, "माय, डॉक्टर म्हणतात काही नाही, म्हणजे काही नाही." त्या दिवसानंतर आईने माझ्याजवळ जिभेचे नाव काढले नाही. दुखणे थांबले नव्हते, सांगणे थांबले होते. ते माझे वाक्य मला आजही टोचते.

दुसरी गोष्ट माझ्या मावशीची. तिच्या उजव्या गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची. तोंड धुताना, घास चावताना, कधी नुसता वारा लागला तरी. कळ काही सेकंदांची, पण माणूस जागच्या जागी थिजून जाई. दाढ दुखते म्हणून तिची एक दाढ काढली, काही महिन्यांनी दुसरी. दोन्ही दाढा चांगल्या होत्या हे पुढे कळले. दाढा गेल्या, कळ राहिली.

तिसरी गोष्ट माझ्या मुलीची. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत तिचा जबडा दुखू लागला. कानाच्या पुढे ठणका, तोंड उघडताना कट्‌ असा आवाज, जांभई द्यायची भीती. एका रात्री तिने मला विचारले, "बाबा, आजीचं दुखणं मला आलं का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आणि त्याच आठवड्यात एका नातेवाइकाने मला बाजूला घेऊन सल्ला दिला, "मुलीचं बाहेर बोलू नका. उद्या पाहुणे बघायला येतील, घराण्यातच दोष आहे म्हणतील."

मित्रहो, त्या दिवसापासून मी वाचायला लागलो. आमच्या सुदैवाने शासकीय दंत महाविद्यालयातील एका डॉक्टर बाई भेटल्या. त्यांनी तिघींनाही तपासले आणि माझ्या प्रश्नांना शांतपणे उत्तरे दिली. त्यांच्याकडून आणि वाचनातून जे समजले ते तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम, वेदना म्हणजे काय? आमच्या शाखेत तिजोरीच्या खोलीला धोक्याची घंटा आहे. एका पावसाळ्यात ती रात्री-अपरात्री वाजू लागली. शिपाई धावत यायचा, पोलीस यायचे, चोर कुठेच नाही. शेवटी तंत्रज्ञ आला. तो म्हणाला, घंटेची जाणीव फार बारीक लावली आहे, रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला तरी तिला तिजोरी फुटल्यासारखे वाटते. चोर नव्हता हे खरे. पण घंटा वाजत होती हेही तितकेच खरे. शिपायाला खोटे ठरवून घंटा थांबली नसती.

शरीराची वेदना ही अशीच घंटा आहे. दात किडला, जीभ चावली, गरम चहाने तोंड पोळले की चेतातंतूंमधून निरोप मेंदूकडे जातो. जखम भरली की घंटा थांबते. पण काही माणसांत ती थांबत नाही, किंवा कारण सापडत नसतानाही वाजत राहते. असे दुखणे तीन महिन्यांहून जास्त टिकले की त्याला जुनाट वेदना म्हणतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटले आहे की वेदना हा ज्याचा त्याचा अनुभव असतो आणि माणूस आपल्याला दुखते म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवला पाहिजे. माझ्या आईला हा मान आम्ही दिला नव्हता.

आता प्रश्न येतो, एकाचीच घंटा एवढी बारीक का? इथे जनुकांचा संबंध येतो.

विद्यार्थ्यांना हे माहीत आहे, पण वडीलधाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक मोठी खातेवही आहे, तिला डीएनए म्हणतात. ती चारच अक्षरांत लिहिलेली आहे आणि आई-वडिलांकडून मिळालेल्या तिच्या एकेका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. या वहीतील एकेका उपयोगी नोंदीला जनुक म्हणतात. प्रथिने बनवण्याच्या सूचना असलेली जनुके सुमारे २०,००० आहेत. मानवाची ही वही वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. कोणत्याही दोन माणसांच्या वह्या ताडून पाहिल्या तर सुमारे ९९.९ टक्के अक्षरे सारखीच निघतात. उरलेल्या थोड्या अक्षरांत आपले वेगळेपण आहे. त्यातच घंटा किती बारीक लागली आहे याचाही काही भाग आहे.

कधी कधी एकाच जनुकातील चूक सगळे उलटेपालटे करते. २००६ मध्ये ब्रिटनमधील जेफ्री वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात एका मुलापासून झाली. तो रस्त्यावर खेळ करून दाखवायचा, हातात सुरी खुपसायचा, जळत्या निखाऱ्यांवर चालायचा. त्याला वेदना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. चौदावा वाढदिवस येण्याआधी छपरावरून उडी मारून तो मेला. त्या तीन कुटुंबांतील अशाच सहा जणांना तपासले, तेव्हा सहाही जणांचे ओठ किंवा जीभ लहानपणी स्वतःच्याच दातांनी चावून जखमी झालेली आढळली. दोघांच्या जिभेचा पुढचा भागच गेला होता. लहान मूल जीभ चावायचे थांबते ते दुखते म्हणून. या मुलांना थांबवणारे कोणी नव्हते.

कारण सापडले ते एससीएन-९-ए नावाच्या जनुकात. हे जनुक चेतातंतूवर सोडियमची बारीक दारे बनवते. दार उघडले, सोडियम आत गेले की वेदनेचा निरोप पुढे निघतो. या मुलांची दारे उघडतच नव्हती. त्याच वर्षी, याच जनुकात उलट चूक असलेली कुटुंबेही सापडली. त्यांची दारे उघडली की नीट मिटत नाहीत, आणि त्या माणसांना लहानपणापासून शरीराच्या खालच्या भागात, डोळ्यांभोवती आणि जबड्यात वेदनेचे भयंकर झटके येतात. एकच जनुक, एक चूक घंटा बंद करते, दुसरी तिला वाजतच ठेवते. दुखणे हे मनाचे खेळ नाहीत, त्याला शरीरात पाया आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

मात्र इथे एक इशारा दिला पाहिजे. अशी कुटुंबे अतिशय विरळ आहेत. आपल्या घरांतील बहुतेक दुखणी अशा एका चुकीतून येत नाहीत. त्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो समजला नाही तर माणूस आनुवंशिकता या शब्दाला घाबरून बसतो.

जबड्याच्या दुखण्याचेच उदाहरण घेऊ. कानाच्या पुढे जबड्याचा सांधा आहे. त्याच्या आणि चावण्याच्या स्नायूंच्या दुखण्यावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला. आपल्या शरीरात कॉम्ट नावाचे एक एन्झाइम आहे. ताणाच्या वेळी तयार होणारी अॅड्रेनलिनसारखी रसायने नष्ट करण्याचे काम ते करते. कोणाचे कॉम्ट जोमाने काम करते, कोणाचे मंद, आणि हा फरक जनुकातून येतो. २००५ मध्ये उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील लुडा डायचेन्को, विल्यम मॅक्सनर आणि सहकाऱ्यांनी २०२ निरोगी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यात या जनुकाचा वेदना कमी जाणवणारा प्रकार होता, त्यांना जबड्याचे दुखणे जडण्याचा धोका २.३ पटीपर्यंत कमी आढळला. त्या वेळी अनेकांना वाटले, सापडले, वेदनेचे जनुक सापडले!

पण शास्त्र एका अभ्यासावर थांबत नाही. पुढे 'ऑपेरा' या संक्षिप्त नावाने अमेरिकेत चार ठिकाणी मोठा अभ्यास झाला. जबडा न दुखणाऱ्या ३,२०० हून अधिक माणसांची नोंद करून त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. दर वर्षी शंभरातील साधारण चौघांना नव्याने दुखणे सुरू झाले. जनुकेही तपासली. निष्कर्ष काय? एकटे एखादे जनुक पाहून कोणाला दुखेल हे सांगता येत नाही. त्यापेक्षा झोप नीट नसणे, अंगात इतर ठिकाणीही दुखणी असणे, जबड्याला मार लागणे, दात आवळून धरण्याची सवय, धूम्रपान, यांवरून भाकीत जास्त चांगले करता येते.

मग कॉम्टचे काय झाले? तेही खोटे ठरले नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, ज्यांचे कॉम्ट मंद होते त्यांच्यात मानसिक ताणामुळे जबड्याच्या दुखण्याचा धोका वाढत होता. ज्यांचे जोमाचे होते त्यांच्यात ताणाचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे जनुक एकटे काही करत नाही, ताण आला की ते आपले रूप दाखवते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जनुक ही खात्यातील सुरुवातीची शिल्लक आहे. पुढे जमा किती आणि नावे किती, त्यावर वर्षअखेरचा आकडा ठरतो. सुरुवातीची शिल्लक पाहून कोणी वर्षाचा ताळेबंद लिहीत नाही.

जुळ्यांवरही अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील जुळ्या बहिणींच्या एका मोठ्या अभ्यासात जबड्याच्या दुखण्यातील फरकांपैकी सुमारे २७ टक्के फरक आनुवंशिक असल्याचे अनुमान निघाले. हा आकडा ऐकून मीही आधी चुकलो. मला वाटले, माझ्या मुलीचे २७ टक्के दुखणे आजीचे! डॉक्टर बाई हसल्या. हा आकडा एका माणसाच्या दुखण्याची वाटणी नाही, तर पुष्कळ माणसांच्या समूहात एकाला दुखते आणि दुसऱ्याला नाही, या फरकाचा हिशेब आहे. आणि उरलेला तीन चतुर्थांश जवळपास भाग जनुकांच्या बाहेरचा आहे, हे वाचायला आपण विसरतो.

आता माझ्या घरच्या तिघींकडे परत येतो. आम्ही सगळे एकच गोष्ट धरून बसलो होतो की घराण्यात तोंडाचा दोष आहे. तपासणीत काय निघाले? तिघींची दुखणी तीन वेगळी होती! तीन खात्यांच्या नोंदी आम्ही एकाच पानावर चढवल्या होत्या आणि बेरीज जुळत नाही म्हणून नशिबाला दोष देत होतो.

आईचे दुखणे 'बर्निंग माउथ सिंड्रोम'. हे पुरुषांपेक्षा स्त्रियांत बरेच जास्त दिसते आणि विशेषतः पाळी गेल्यानंतरच्या वयात. तोंडाची आग रोज दोन तासांहून जास्त, तीन महिन्यांहून जास्त काळ असते, आणि डोळ्यांना तोंडात काही दिसत नाही. दिवस चढेल तशी आग वाढणे, जेवताना कमी होणे, हे या रोगात नेहमी दिसते. ज्या लक्षणावरून लोकांनी तिला खोटे ठरवले तेच रोगाची ओळख होते! २००५ मध्ये इटलीतील संशोधकांनी अशा रुग्णांच्या जिभेचे अगदी छोटे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा तिथले बारीक चेतातंतू बरेच कमी झालेले आढळले. म्हणजे "काही नाही" हे खरे नव्हते. बॅटरीच्या उजेडात दिसत नव्हते एवढेच.

तिखटाने तोंड भाजले असे आपण म्हणतो. १९९७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की मिरचीतील तिखट द्रव्य आणि प्रत्यक्ष उष्णता चेतातंतूवरील एकच दार उघडतात. या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या आयाबायांची भाषा शास्त्राच्या आधीपासून बरोबर होती. चेतातंतूने "भाजले" असा निरोप दिला की मेंदूला भाजल्याचाच अनुभव येतो, मग तोंडात मिरची असो, विस्तव असो, की काहीच नसो. या रोगाला कारण ठरलेले असे एकही जनुक अजून सिद्ध झालेले नाही. आईचे नातीला आले, असे म्हणायला कोणताही आधार नाही.

मावशीचे दुखणे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला तीन फांद्यांची एक नस असते. बऱ्याच रुग्णांत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी तिच्या मुळावर दाबत असते. फार थोड्या रुग्णांत ते एका घरात दोघा-तिघांना दिसते, बहुतेकांत नाही. कळ दाढेत जाणवते म्हणून दाढा काढल्या जातात. हे जगभर घडते, केवळ आपल्याकडे नाही. म्हणून सांगतो, विजेसारखी कळ असेल आणि एक्स-रेमध्ये दाढ चांगली दिसत असेल, तर दाढ काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

याच रोगाच्या औषधात जनुकांचे ज्ञान प्रत्यक्ष कामाला आले आहे. कार्बामाझेपिन हे या रोगावरचे जुने आणि गुणकारी औषध. मावशीला त्यानेच आराम पडला. पण काही थोड्या माणसांना या औषधाने अंगावर आणि तोंडात फोड येऊन कातडी सुटू लागते, जीवही जाऊ शकतो. २००४ मध्ये तैवानमधील संशोधकांनी असे ४४ रुग्ण तपासले. ४४ च्या ४४ जणांत एचएलए-बी*१५:०२ हा एक जनुकप्रकार निघाला. औषध सोसलेल्या १०१ जणांत तो फक्त तिघांत होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये सूचना काढली की ज्या आशियाई वंशाच्या लोकांत हा प्रकार आढळतो, त्यांची औषधापूर्वी रक्तातून तपासणी करावी. भारतातही हा प्रकार सापडतो, काही समूहांत जास्त, काहींत कमी. तेव्हा हे औषध सुरू करताना डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत ताप, तोंडात फोड किंवा अंगावर पुरळ आले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा. मुलगी कोणाच्या घराण्यातली हे विचारण्यासाठी जनुके नाहीत मित्रहो, कोणते औषध कोणाला बाधेल हे जाणण्यासाठी आहेत.

वेदनेच्या दारांचे संशोधनही वाया गेले नाही. सोडियमच्या तशाच एका शेजारच्या दारावर काम करणारे, अफूच्या जातीचे नसलेले एक नवे औषध अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाले. ते सध्या अचानक आलेल्या तीव्र वेदनेसाठी आहे, जुनाट दुखण्यासाठी नव्हे. पण वाट कोणत्या दिशेने जाते हे त्यावरून कळते.

आणि मुलीचे? तिचे दुखणे जबड्याच्या स्नायूंचे आणि सांध्याचे. परीक्षेच्या ताणाने ती दिवसरात्र दात आवळून धरत होती आणि चार तास झोपत होती. काही दिवस मऊ जेवण, गरम शेक, दात सैल ठेवण्याची आठवण, आणि मुख्य म्हणजे पुरेशी झोप, एवढ्यावर तिचे दुखणे दोन-तीन महिन्यांत उतरले. जबड्याची बहुतेक दुखणी अशा साध्या उपायांनी आटोक्यात येतात. तिची घंटा जन्मतः थोडी बारीक असेलही. पण ट्रक थांबवणे आपल्या हातात होते.

इथे बसलेल्या तरुणांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. तोंडाची आग म्हटले की प्रत्येक वेळी माझ्या आईचा रोग समजू नका. जो तरुण सुपारी, खर्रा, गुटखा खातो, ज्याला तिखट लागताच तोंड झोंबते आणि ज्याच्या तोंडात उभी तीन बोटे जात नाहीत, त्याचा रोग निराळा आहे. गालाची आतली त्वचा कडक होत जाते, आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. सुपारी खाणाऱ्या सर्वांना हा रोग होत नाही, म्हणून त्यातही जनुकांचा काही वाटा असावा असे संशोधक मानतात. पण इथे "आमच्या रक्तातच आहे" हे म्हणणे म्हणजे शुद्ध पळवाट आहे. सुपारीवाचून हा रोग क्वचितच होतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा चौकाचौकांत मिळतो हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याचप्रमाणे रक्तातील लोह, बी-१२ यांची कमतरता, मधुमेह, तोंडातील बुरशी, न बसणारी कवळी, यांनीही तोंडाची आग होते. ही कारणे आधी तपासावीत, ती बरी होणारी आहेत.

मित्रहो, शेवटाकडे येतो. जन्म या शब्दाचा आपल्या वाडवडिलांच्या विरुद्ध कसा उपयोग झाला, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. माणसाचे मोल, त्याचे काम, त्याची जागा, सगळे जन्मानेच ठरते असे त्यांना सांगितले गेले. म्हणून कोणी "रक्तातला दोष", "घराण्याचा दोष" म्हणाले की आपण सावध व्हायला हवे. आणि वाईट असे की माझ्या मुलीबद्दल हे शब्द बोलणारा माणूस बाहेरचा नव्हता, आपल्यातलाच होता. खरे जनुकशास्त्र असे काही सांगत नाही. ते सांगते की माणसे ९९.९ टक्के सारखी आहेत. घंटा कोणाची बारीक, कोणाची जाड असते. त्यात कोणाचा गुन्हा नाही आणि कोणाची लाजही नाही. आणि ती केव्हा, किती वाजेल हे झोप, ताण, सवयी, औषध आणि आजूबाजूची माणसे मिळून ठरवतात.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, घरातील कोणी, विशेषतः घरातील बाई, तोंड दुखते म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा. तपासणीत काही दिसले नाही तरी ठेवा. दुसरी, डॉक्टरकडे जाताना घरातील दुखण्यांची माहिती न लाजता सांगा. कोणाला काय झाले, कोणत्या वयात झाले, कोणते औषध बाधले, हे एका कागदावर लिहून न्या. लपवलेली माहिती डॉक्टरला उपयोगी पडत नाही. तिसरी विद्यार्थ्यांना. जीवशास्त्र फक्त गुणांसाठी शिकू नका. तुमच्या घरी एखादी आजी असेल, जिला काय होते हे तुमच्याशिवाय कोणी समजावून सांगू शकणार नाही.

निदान झाले त्या दिवशी मी आईला रोगाचे नाव सांगितले. तिला ते उच्चारता आले नाही. तिने फक्त विचारले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हती, नाही का?" मी म्हणालो, "नाही माय, चूक माझी होती." तिची आग अजून पूर्ण गेलेली नाही. औषधाने कमी आहे. पण आता संध्याकाळी दुखले की ती मला सांगते, आणि मी ऐकतो.